शहराचा ऊर्जा-आणीबाणी आराखडा: तो कसा करायचा आणि पैसे कुठून आणायचे

नगर परिषदेच्या विद्युत किंवा पाणीपुरवठा विभागात नुकतेच रुजू झालेले अभियंते आणि आपत्ती कक्षाचा अतिरिक्त कार्यभार गळ्यात पडलेले कर्मचारी, असे दोघे डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. वीज गेली की शहराचं पाणी का बंद होतं, हा प्रश्न सभेत विचारू पाहणाऱ्या नगरसेवकांनाही उपयोग होईल. वीज किंवा इंधन नसतानाही पाणी, रुग्णालयं अशा सेवा चालू ठेवायचा असा आराखडा मी नगर परिषदेच्या विद्युत विभागात बसवला आहे आणि त्याच्या निधीची फाईल जिल्ह्याच्या टेबलांवरून पुढे ढकलली आहे. त्या वेळी कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं जे जे वाटलं, ते इथे क्रमाने आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ‘ऊर्जा-आणीबाणी अनुदान’ अशी पाटी लावलेली खिडकी शोधत बसू नका. अमेरिकेत तशी एक उघडली होती. मंदीनंतर २००९ मध्ये केलेल्या आर्थिक उभारीच्या कायद्यातून तिथल्या ऊर्जा विभागाने २०१० साली ४३ शहरांना मिळून ८० लाख डॉलरच्या आसपास रक्कम दिली. आराखडे लिहा, माणसं तयार करा, रंगीत तालमी घ्या, यासाठी ते पैसे होते. आपल्याकडे हाच खर्च वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरांतून) जमवावा लागतो. आणि आपली सवय अशी की प्रस्तावाचा विषयच ‘१२५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर खरेदी करणेबाबत’ असा असतो. तो जनरेटर येतो, हार घालून चालू होतो, आणि पहिल्याच मोठ्या खोळंब्यात कळतं की त्यावर पंप उचललाच जात नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पैशांचा विषय मुद्दाम पाचव्या पायरीवर ठेवला आहे.

१. कोणत्या संकटासाठी तयारी करायची ते आधी ठरवा

‘वीज गेली’ या दोन शब्दांत चार वेगळी संकटं लपलेली असतात. प्रत्येकाची मुदत वेगळी, म्हणून खर्चही वेगळा.

पहिलं, ग्रिडचा बिघाड. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई महानगराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बहुतेक भागांत काही तासांत पुरवठा परत आला, तरी त्या दिवशी महापालिकेने रुग्णालयांना किमान ८ तास पुरेल इतकं डिझेल ठेवायला सांगितलं होतं.

दुसरं, वादळ. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत खांब आडवे केले. तिथे हिशेब तासांचा उरला नाही. कित्येक गावांत तो आठवड्यांचा झाला आणि मोबाइलही बंद पडले.

तिसरं, पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये जे झालं त्यातला धडा वेगळा आहे. पुरात वीज असली तरी वापरता येत नाही, कारण विजेचं पॅनल, मोटरचा स्टार्टर आणि रोहित्रच (ट्रान्सफॉर्मर) पाण्याखाली असतात. कोल्हापुरात चहूकडे पाणी होतं आणि नळाला मात्र थेंब नव्हता, कारण उपसा केंद्रं बुडाली होती.

चौथं संकट बहुतेक आराखड्यांत नसतंच: इंधन न मिळणं. १ आणि २ जानेवारी २०२४ ला ट्रकचालकांच्या आंदोलनात मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून टँकर निघेनात आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. तुमची सगळी भिस्त डिझेलवर असेल तर हे संकट बाकीच्या तिन्हींवर स्वार होऊन येतं.

आपल्या शहराला यातली कोणती लागू आहेत ते लिहा आणि प्रत्येकापुढे मुदत मांडा: ८ तास, ३ दिवस, १० दिवस. १० दिवस सगळं चालू ठेवू असं लिहू नका, ते कुणी वाचून खरं मानणार नाही.

२. भारांची यादी करा, आणि ती पायी फिरून करा

आराखड्याचा खरा गाभा हा. भार म्हणजे विजेवर चालणारी प्रत्येक जागा किंवा यंत्र. कार्यालयात बसून वीजबिलांवरून यादी होते, पण ती अर्धी असते. बिलावर मीटर दिसतो. मीटरच्या मागे काय जोडलंय ते दिसत नाही.

लहान-मध्यम शहरात सर्वांत मोठा भार पाण्याचा निघतो: जॅकवेल (जिथून नदीचं पाणी उपसतात ती विहीर), अशुद्ध पाण्याचा उपसा, जलशुद्धीकरण केंद्र, मग टाक्या भरणारे पंप. यांची साखळी असते, एक कडी तुटली तर बाकीच्यांना जनरेटर देऊन उपयोग नाही. जॅकवेल नदीवर, दुसऱ्या गावाच्या हद्दीत, वेगळ्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) असते, ही साधी बाब कितीतरी प्रस्तावांत राहून जाते. शुद्धीकरण केंद्रावर जनरेटर बसतो आणि नदीवरचा पंप कोरडाच.

प्रत्येक जागी एवढं टिपा: मोटरची अश्वशक्ती, एका वेळी किती पंप चालतात, सुरू करण्याची पद्धत, फीडरचं नाव, रोहित्राची क्षमता, जनरेटर असल्यास शेवटचा कधी भारावर चालवला, आणि जमिनीपासून पॅनलची उंची. शेवटची नोंद पुरासाठी. पाटबंधारे विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या पातळ्यांशी ती ताडून पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पॅनल निळ्या पातळीच्या खाली असेल तर तुमचं पहिलं काम जनरेटर नाही, पॅनल उचलणं आहे. ते स्वस्तही पडतं.

सुरू करण्याच्या पद्धतीवर थांबतो, कारण पैसे इथेच बुडतात. १०० अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण ७५ ते ८० किलोवॅट ओढते, म्हणून कुणीतरी ‘१२५ केव्हीए पुरे’ म्हणतं. पण तीच मोटर थेट सुरू केली तर सुरुवातीच्या काही सेकंदांत सहा-सात पट करंट मागते. जनरेटर गुदमरतो, व्होल्टेज कोसळतं, ब्रेकर पडतो. मोटर हळूहळू वेगात आणणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह बसवला तर लहान जनरेटरवर काम भागतं. जनरेटर आणि स्टार्टर एकाच अंदाजपत्रकात धरा. वेगळे धरलेत तर एक मंजूर होतो आणि दुसरा लटकतो.

पाण्यानंतर सांडपाणी उपसा केंद्रं. ती बंद पडली की मैला उलटा वस्तीत येतो, तरीही यादीत ती बहुधा सापडत नाहीत. मग रुग्णालयं, डायलिसिस केंद्रं, रक्तपेढी, लसींचे फ्रीज, अग्निशमन केंद्र, विद्युत किंवा गॅसदाहिनी, आपत्ती कक्ष. घरी ऑक्सिजन यंत्रावर असलेले रुग्ण शोधायला आशाताईंइतकं भरवशाचं कुणी नाही; त्यांच्याकडून प्रभागवार यादी घ्या, ती आरोग्य विभागाच्या ताब्यात ठेवा आणि प्रस्तावात नावं न देता फक्त संख्या द्या.

शेवटी सगळ्या भारांचे तीन गट पाडा: क्षणभरही बंद पडू नयेत असे, चार तास थांबू शकतील असे, दिवसभर थांबू शकतील असे. इथे भांडणं होतात, कारण प्रत्येकाला आपला भार पहिल्या गटात हवा असतो. माझं मत स्पष्ट आहे: नगर परिषदेची मुख्य इमारत तिसऱ्या गटात. आपत्ती कक्षाची खोली पहिल्या गटात घ्या, वरच्या मजल्यावरची दालनं नकोत.

३. डिझेलचा हिशेब मांडा

१२५ केव्हीएचा जनरेटर पाऊण भारावर तासाला ढोबळमानाने २० लिटर डिझेल घेतो. म्हणजे दिवसाला ४८० लिटर, तीन दिवसांना १,४४०. आता तुमच्या पहिल्या गटातले सगळे जनरेटर जोडा आणि बेरीज पाहा. आकडा मोठा येईल. मग गट पुन्हा तपासावेसे वाटतील, तपासाच.

साठवणुकीची मर्यादा लक्षात ठेवा. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलसारखं ‘ब’ वर्गातलं इंधन एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतं. वरच्यासारखे दोन जनरेटर एकाच आवारात तीन दिवस चालवायचे तर २,८८० लिटर लागतात, म्हणजे मर्यादा ओलांडली. अशा वेळी साठा दोन जागी विभागा किंवा परवाना घ्या. आणि वर्षभर तेच डिझेल पडून ठेवू नका, पावसाळ्यात त्यात पाणी धरतं. ठरावीक काळाने ते पालिकेच्या वाहनांत वापरून नवं भरा.

पुरवठ्यासाठी किमान दोन पंपचालकांशी लेखी बोलणी करा, दोघे वेगळ्या कंपन्यांचे आणि वेगळ्या रस्त्यांवरचे. त्यांना एक प्रश्न विचारायला विसरू नका: ‘तुमच्याकडे जनरेटर आहे का?’ वीज नसेल तर पंपावरचं यंत्र डिझेल ओतूच शकत नाही. शासकीय वाहनांना आणि रुग्णवाहिकांना राखीव साठ्याचा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून, पुरवठा शाखेमार्फत निघतो. त्याचा मसुदा आधीच आराखड्याला जोडून ठेवा.

सौर पॅनलबद्दल सतत विचारलं जातं. ग्रिडला जोडलेली नेहमीची छतावरची सौर यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद होते, कारण लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तिची रचनाच तशी असते. भर दुपारी, कडक उन्हात, छतावर पॅनल असूनही कार्यालय अंधारात, हे त्यामुळेच होतं. आणीबाणीसाठी बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. पंपांना तो परवडणार नाही, पण आपत्ती कक्ष, वायरलेस आणि लसींचे फ्रीज यांना डिझेलपेक्षा तोच बरा.

४. महावितरणसोबत नकाशा घेऊन बसा

उपविभागीय कार्यालयात पत्र टाकून वाट पाहू नका. शहराचा नकाशा आणि भारांची यादी घेऊन उपकार्यकारी अभियंत्यांकडे जा. तीन गोष्टी समजून घ्या.

तुमचे महत्त्वाचे भार कोणत्या उपकेंद्रातून आणि कोणत्या फीडरवर आहेत? ‘आम्हाला दोन एक्स्प्रेस फीडर (फक्त आपल्यासाठी ओढलेल्या थेट वाहिन्या) आहेत’ असं अभिमानाने सांगणाऱ्या शहरांत ते दोन्ही एकाच उपकेंद्रातून निघतात, आणि त्या उपकेंद्राला येणारी ३३ केव्हीची वाहिनीही एकच, असं आढळू शकतं. मग दुसरा फीडर कागदावरच पर्यायी.

पुरवठा परत देताना क्रम काय? पाणी आणि रुग्णालयाच्या फीडरला अग्रक्रम देण्याचं लेखी मान्य करून घ्या. भारनियमनाची वेळ आली तर फीडरच्या गळतीच्या गटावर (किती वीज हिशेबाबाहेर जाते त्यावरून पाडलेल्या) बरंच काही ठरतं. तुमचं जलशुद्धीकरण केंद्र जास्त गळतीच्या गावठाण फीडरवर असेल तर ते वेगळं करून घेण्याचा खर्च आराखड्यात दाखवा.

आणि रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा? पदनामासह, पर्यायी व्यक्तीसह.

या बैठकीचं इतिवृत्त दोन्ही बाजूंच्या सहीने तयार करा. प्रस्तावासोबत जोडायच्या कागदांत सर्वांत वजनदार हाच ठरतो, असा माझा अनुभव आहे.

५. आता निधी

राज्य आपत्ती निधीची विभागणी समजून घ्या. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्याच्या आपत्ती जोखीम निधीचे भाग असे केले: प्रतिसाद आणि मदत ४० टक्के, पुनर्बांधणी ३० टक्के, पूर्वतयारी आणि क्षमतावृद्धी १० टक्के, आणि सौम्यीकरण २० टक्के. आराखडा लिहिणं, प्रशिक्षण, रंगीत तालीम यांचा खर्च ‘पूर्वतयारी’त बसतो. पॅनल पूरपातळीच्या वर नेणं, पर्यायी वाहिनी, स्टार्टर बदलणं ही कामं ‘सौम्यीकरण’ म्हणून मांडता येतात. सौम्यीकरण निधी स्थानिक पातळीवरच्या, धोका कमी करणाऱ्या कामांसाठी आहे; मोठ्या बांधकामांनी नियमित योजनांतून यावं अशीच आयोगाची भूमिका होती. म्हणून ‘शहराची संपूर्ण विद्युत यंत्रणा अद्ययावत करणे’ असा विषय लिहू नका, पहिल्याच टेबलावर परत येईल. २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे, तेव्हा टक्केवारी आणि निकष ताज्या शासन निर्णयातून उतरवा. जुन्या प्रस्तावातून परिच्छेद उचलू नका.

जिल्हा नियोजन समिती हे दुसरं दार. पालकमंत्री अध्यक्ष असतात, त्यामुळे लोकप्रतिनिधींचा पाठिंबा इथे कामाला येतो. नावीन्यपूर्ण योजनेच्या शीर्षाखाली बॅटरीसह सौर यंत्रणा किंवा उपसा केंद्रांची दूरनियंत्रण प्रणाली मांडून पाहा.

वित्त आयोगाचं नागरी संस्थांसाठीचं अनुदान तुमच्याच खात्यात येतं. त्यातला अबंधित भाग स्थानिक गरजेसाठी असतो, पगार आणि आस्थापना सोडून. स्वनिधी लागणारच आहे: डिझेल, देखभाल, चाचण्या असा दरवर्षीचा खर्च अनुदानावर ठेवलात तर दुसऱ्या वर्षी टाकी कोरडी असेल.

महानगरपालिका क्षेत्रात असाल तर एक बदल माहीत हवा. आपत्ती व्यवस्थापन कायद्यातल्या २०२५ च्या दुरुस्तीने अशा शहरांसाठी स्वतंत्र शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. आयुक्त त्याचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. तिथे आराखडा याच प्राधिकरणापुढे न्यायचा. नगर परिषदेला मात्र जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचाच रस्ता. स्मार्ट सिटीच्या नावाने कुणी सल्लागार आला तर चहा पाजून परत पाठवा; ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं.

६. लागणारी कागदपत्रं

– सर्वसाधारण सभेचा ठराव (प्रशासक असल्यास प्रशासकीय ठराव)
– भारांची यादी, तीन गटांसह, आणि शहराचा नकाशा
– महावितरणसोबतच्या बैठकीचं इतिवृत्त
– मागच्या काही वर्षांतल्या खंडित पुरवठ्याच्या नोंदी; महावितरणकडून न मिळाल्यास तुमच्या पंपघरांची लॉगबुकं
– पूररेषेचा नकाशा आणि पाटबंधारे विभागाकडच्या पातळ्या
– चालू दरसूचीवर आधारित अंदाजपत्रक आणि त्याला सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता
– जागा पालिकेच्या मालकीची असल्याचा पुरावा (जॅकवेलची जागा पाटबंधारेची असेल तर ना-हरकत)
– हेच काम दुसऱ्या योजनेतून घेतलेलं नाही, असं प्रमाणपत्र
– देखभालीचा खर्च स्वनिधीतून करण्याची हमी
– जिल्हा आपत्ती आराखड्यातल्या संबंधित पानाची प्रत

शेवटचा कागद बहुतेकजण जोडत नाहीत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३१ खाली जिल्ह्याचा आराखडा असतो आणि कलम ३२ खाली स्थानिक संस्थांनी आपापला करायचा असतो. तुमचं काम जिल्ह्याच्या आराखड्यात नमूदच नसेल तर आधी तिथे घालून घ्या. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी तो दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अद्ययावत करतात. मार्च-एप्रिलमध्ये पत्र द्या.

७. फाईल कुठे अडते

अंदाजपत्रकात. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरला प्रदूषण मंडळाचे कडक उत्सर्जन निकष लागू झाले आणि किमती चढल्या. जुन्या कोटेशनवर केलेलं अंदाजपत्रक निविदेत तोकडं पडतं आणि सुधारित मान्यतेत वर्ष जातं. विद्युत निरीक्षकांच्या तपासणीचं शुल्क, फाउंडेशन, केबल आणि वीज गेली की जनरेटरवर आपोआप बदल करणारं पॅनल हेही सुरुवातीलाच धरा.

त्याच आपत्ती कायद्याच्या कलम ५० च्या गैरसमजात. आपत्तीत निविदेशिवाय तातडीची खरेदी करता येते, हे खरं. पण ते प्रत्यक्ष संकट किंवा त्याचा धोका समोर असताना, मदत आणि बचावासाठी. पूर्वतयारीच्या खरेदीला ते कलम लावलंत तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला.

आणि वेळेत. जिल्ह्याला फेब्रुवारीत पोहोचलेला प्रस्ताव मार्चअखेरच्या गर्दीत सापडतो. मंजूर झाला तरी खर्च करायला दिवस उरत नाहीत. दिवाळीपूर्वी फाईल जिल्ह्यात जाऊ द्या, आणि निवडणुका जवळ असतील तर आचारसंहितेचा अंदाज घेऊन त्याही आधी.

एकच मोठा प्रस्ताव करावा की तुकडे? शीर्षानुसार वेगळे करा, पण सगळ्यांना एकच मूळ आराखडा जोडा. छाननी करणाऱ्याला हे तुकडे एकाच चित्राचे आहेत हे दिसलं की प्रश्न कमी येतात. मात्र एकाच कामाचे तुकडे निविदेची मर्यादा चुकवायला पाडू नका, तो वेगळाच गुन्हा आहे.

८. मंजुरीनंतर

काम पूर्ण झालं की छायाचित्रं, मोजमाप पुस्तक आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं) वेळेत पाठवा. मागचं प्रमाणपत्र प्रलंबित असेल तर पुढचा हप्ता येत नाही.

तालमीसाठी वेगळा मुहूर्त नको. महावितरणचा देखभालीसाठी ठरवून केलेला बंद तुम्हाला आयता मिळतो. त्या दिवशी पंप खरोखर जनरेटरवर चालवा. रिकामा जनरेटर दहा मिनिटं घुरघुरवून ‘चाचणी केली’ अशी नोंद करण्याला काही अर्थ नाही. कमी भारावर वारंवार चालवून इंजिनात काजळी मात्र धरते. वीज गेल्यापासून नळाला पाणी येईपर्यंत किती वेळ लागला, एवढा आकडा लॉगबुकात लिहा आणि पुढच्या तालमीला त्याच्याशी तुलना करा. रात्रपाळीच्या पंपचालकालाही एकदा चेंजओव्हर (लाईनवरून जनरेटरवर बदल) हाताने करायला लावा, कारण आपोआप बदल करणारं पॅनल नेमकं पावसातच रुसतं.

आराखड्याची एक प्रत प्रत्येक पंपघरात, प्लास्टिकच्या पाकिटात, मराठीत आणि दोनच पानांची ठेवा. शंभर पानांची मूळ प्रत कार्यालयात असू दे. फोन क्रमांकांची यादी दर सहा महिन्यांनी तपासा. आणि तुमची बदली झाली तर कार्यभार हस्तांतराच्या यादीत ‘ऊर्जा-आणीबाणी आराखडा, प्रलंबित प्रस्तावांच्या आवक-जावक क्रमांकांसह’ अशी स्वतंत्र नोंद घालून नव्या अधिकाऱ्याची सही घ्या.